खडकओढेकरांच्या घरी ठसका लागत नाही

१

सांगलीत मार्केट यार्डाच्या मागं माझं मिरची कांडप आहे. नवरा फौजेतून रिटायर होऊन आला आणि थोड्याच दिवसांत गेला, तेव्हापासून ते मीच चालवते. उन्हाळ्यात बायका डबे घेऊन रांगेत बसतात, नाकाला पदर लावून खोकतात आणि खोकता खोकता मलाच शिव्या घालतात. माझी जीभ मिरचीपेक्षा तिखट आहे असं त्या म्हणतात. म्हणू देत. माझ्या नाकाला मात्र कुणी नावं ठेवलेली नाहीत. ब्याडगीच्या पोत्यात कुणी लवंगी मिसळली असेल, तर पोत्याचं तोंड सुटायच्या आत मला कळतं. कोरोनात हे नाक गेलं होतं. तेव्हा मी अश्फाकला पोत्यात डोकं घालायला लावायचे. अश्फाक माझ्याकडं मिरची कुटायचा डंक चालवतो, गाडी चालवतो आणि सांगितलेलं काम सोडून बाकी सगळं करतो.

संयोगिता माझी एकुलती एक मुलगी. तिला औंधच्या अलीकडं खडकओढेकरांच्या घरी दिली. हे नाव तुम्ही ऐकलेलं नसणार. सरदार घराणं, पण तलवारीचं नाही, विद्येचं. राजेरजवाड्यांच्या काळात आमच्या मुलखात प्रत्येक विद्येला इनाम होतं. शिराळ्याकडं एक घर नुसत्या बोलण्यानं नागाला दारातून मागं फिरवायचं. एका घराला तेलाशिवाय दिवे लावायचा मान होता. त्यांच्याकडं आता विजेचं बिल थकलं की अंधार असतो. खडकओढेकरांचा मान दृष्ट घेण्याचा. राजाची स्वारी निघायच्या आधी या घरचा कर्ता पुरुष त्याच्यावरून मीठ-मोहऱ्या-मिरच्या उतरायचा. इतर लोक दृष्ट तीन रस्त्यांच्या तिकाटण्यावर टाकतात नाहीतर चुलीत घालतात. हे लोक ती घरी न्यायचे. घरी नेऊन काय करायचे हे लग्न ठरवताना मी विचारलं नाही. जावई इंजिनियर होता, निर्व्यसनी होता, मग आणखी काय विचारायचं?

संयूला सातवा महिना सरत आला होता. आठवा लागला की पोटुशीला वाटेला लावत नाहीत, म्हणून मी तिला बाळंतपणाला आणायला निघाले. बरोबर ताज्या कांदा-लसूण चटणीचा डबा घेतला. विटा ओलांडेपर्यंत अश्फाक शिंकत होता.

"मावशी, झाकन गच्च लावा की जरा," तो म्हणाला, "आवो, गाडी चालवायची का नाक पुसायचं?"

खडकओढेकरांच्या फाटकात उतरले तेव्हाही डब्याचा वास येत होता. पायऱ्या चढले, उंबरा ओलांडला आणि वास थांबला.

मला वाटलं, मेला कोरोना परत आला.

२

घर भूतबंगल्यासारखं वगैरे काही नव्हतं. टाइल्सचा स्वच्छ बंगला, गच्चीवर सोलर, पोर्चमध्ये मोठी गाडी. माझ्या विहीणबाई, विजयमाला, दारात आल्या. त्यांना सगळे आईसाहेब म्हणतात.

"यावं विहीणबाई. प्रवासात त्रास नाही ना झाला?"

बोलणं तुपासारखं. जावई, जयराजराव, घरी नव्हते. साखर कारखान्याचा सीझन सुरू होता, ते तिकडंच मुक्कामाला होते.

संयू आतून आली. मी तिला छातीशी धरलं आणि केसांत नाक घातलं. ती लहानपणापासून माझ्याच हातचं माक्याचं तेल लावते, लग्नानंतरही बाटल्या इथूनच जातात. केस तेलानं चपचपीत होते. माझ्या गालाला तेल लागलं, पण वास काहीच आला नाही. पाठीवर घाम होता, त्यालाही नाही. एखाद्या बाईच्या फोटोला मिठी मारावी तसं वाटलं मला, आणि स्वतःचाच राग आला. नाक गेलं ते माझं, त्यात पोरीचा काय दोष?

जेवायला तांबडा रस्सा होता. रंग पाहून मी पाणी जवळ ओढून घेतलं, पण ते लागलंच नाही. रस्सा जिभेवरून गरम पाण्यासारखा उतरला.

जेवण झाल्यावर मी संयूच्या पोटावर हात ठेवला. आत पाय फिरला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

"हललं बघ गं!"

"हलतं की," संयू म्हणाली. खिडकीबाहेर बघत होती. "दिवसभर हलतं. आई, एक सांगू? मला काहीच होत नाही. डॉक्टरांनी सोनोग्राफीत ठोके ऐकवले, तर मला वाटलं, कुणाच्या तरी शेतातली मोटर चालू आहे."

मी तिला ओरडले. पहिलटकरणीला असं होतं, थकवा असतो, असं काहीबाही बोलले. माझा स्वतःचाच त्यावर विश्वास नव्हता.

३

सकाळी आईसाहेबांनी घरातल्या सगळ्यांची दृष्ट काढली. हे त्यांचं रोजचं. राजे गेले, इनाम गेलं, तरी घराणं नेम सोडत नाही. हातात पितळी ताटली, त्यात मीठ, मोहऱ्या आणि मूठभर सुक्या मिरच्या. आधी संयूवरून उतरल्या, मग माझ्यावरून. त्यांचा हात कुणाला लागत नव्हता. ताटली घेऊन त्या देवघराशेजारच्या खोलीत गेल्या. तिथं शेगडी पेटलेली होती. मिरच्या निखाऱ्यावर पडल्या. तडतड आवाज आला.

मी सवयीनं पदर नाकाला लावला. जन्म गेला माझा त्यात, मला ठाऊक आहे पुढं काय होतं ते. आधी घशात काटा टोचतो, मग डोळे, मग घरभर खोकला. मी वाट बघत बसले. संयू पेपर वाचत होती. बाहेरच्या खोलीत गडी फरशी पुसत होता. कुणीच खोकलं नाही.

आता माझं डोकं चालायला लागलं. वास न येणं मी समजू शकते. पण ठसका हा वास नव्हे. कोरोनात माझं नाक गेलं होतं तेव्हाही डंकाशी उभी राहिले की घसा फाटेपर्यंत खोकायचे. डॉक्टर म्हणाले होते, त्या दोन गोष्टी वेगळ्या असतात. बरं, गेला असेल माझा घसासुद्धा. मग या पोरीचा कुठं गेला? फरशी पुसणाऱ्याचा कुठं गेला?

आईसाहेब रिकामी ताटली घेऊन बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "चहा घेणार ना?"

४

मागच्या अंगणात बनुबाई भाकरी थापत होती. म्हातारी या घरात जुनी. घरात गॅस असताना ती बाहेर चुलीपाशी बसली होती. मी मागच्या दारातून पायरी उतरले मात्र, धुराचा वास, भाकरीचा वास, गोठ्यातल्या शेणाचा वास, सगळा एकदम अंगावर आला. नाक शाबूत होतं.

"आलं नव्हं?" बनुबाई माझ्याकडं न बघता म्हणाली. "समद्यास्नी तसंच व्हतं. मी सैपाक हितंच करती. आत चव कळत न्हाई, मग मीठ किती घालायचं, कसं कळायचं?"

"काय आहे आत?"

"मला काय ठावं, आक्का. आमी मानसं कामाची. दिस मावळायच्या आत घरला जायाचं. वाटंनं घामाचा वास आला की म्हनायचं, हाय बाबा, आपलं आपल्यापाशी हाय." तिनं भाकरी तव्यावर टाकली. "जयराज सायेब तान्हं व्हतं तवा मीच न्हाऊ घालायची. टाळूला लय तेल जिरवलं बगा. पर टाळूला वास म्हून न्हाई. तुमीच सांगा, लेकराच्या टाळूला वास नसतुय व्हय?"

मला संयूची टाळू आठवली. ती झाली तेव्हा नवरा सीमेवर होता. मी रात्ररात्र तिच्या टाळूवर नाक ठेवून पडून राहायचे; तेवढ्यावर मी ते वर्ष काढलं.

"मग आईसाहेब काय करायच्या?"

"त्यास्नीच इचारा," बनुबाई म्हणाली आणि भाकरी उलटली.

५

मी विचारलं. आडून बोलणं मला जमत नाही. संयूला आज दुपारी नेते आहे, म्हणाले, आणि तुमच्या घरात काय आहे तेही सांगा.

"न्यावं ना," आईसाहेब म्हणाल्या. "मी कुठं अडवते आहे? फक्त बारसं झालं की बाळाला इकडं पाठवा. घरात लहान मूल असलं की ते शांत असतं."

'ते' म्हणजे कोण, हे विचारायला माझी जीभ पहिल्यांदाच अडली.

"जयराजच्या वेळी मीही माहेरी गेले होते," त्या पुढं म्हणाल्या. "तिथं मी त्याला एक क्षण खाली ठेवत नव्हते, असं माझी आई सांगायची. इथं आणला आणि त्याचा वास गेला. वास नसलेलं मूल जवळ घ्यावंसं वाटत नाही, विहीणबाई. सांगून खरं वाटणार नाही तुम्हाला. रडला की पाजायचं, झोपला की ठेवायचं. पण काही बिघडलं नाही. शिकला, मोठा झाला."

भाजीचा भाव सांगावा तसं सांगत होत्या. मला संताप आला, आणि त्याच्या मागोमाग भीती. हे सगळं मनाचे खेळ आहेत, असं मी स्वतःला बजावत होते. पण एका घराला वेड लागू शकतं, मिरचीला लागत नाही.

मग मी माझा चटणीचा डबा उचलला आणि सरळ देवघराशेजारच्या खोलीत गेले. खोलीत काहीच नव्हतं. चार भिंती, मधोमध शेगडी, भिंतीकडेला एक रिकामा पाट. निखारे अजून लाल होते. मी मूठभर चटणी त्यावर टाकली. एवढ्यानं आमची अख्खी गल्ली रिकामी झाली असती.

धूर उठला. गुडघाभर सरळ वर आला आणि पाटाकडं वळला. वारा नव्हता, खिडकी बंद होती. पाटावर बसलेल्या माणसाचं तोंड जिथं येईल तिथं जाऊन धुराचे दोन बारीक दोरे झाले. शेजारी शेजारी, सारखे. आणि तिथंच संपले. जरा थांबले. पुन्हा ओढले गेले. पुन्हा थांबले. कुणी शांत झोपेत श्वास घ्यावा तसं चाललं होतं.

मी बराच वेळ बघत होते. घेतलेला धूर परत बाहेर येईल म्हणून वाट पाहत होते. तो आला नाही.

६

दुपारी संयूची ओटी भरली. मी घाई करत होते, अश्फाकला गाडी पायऱ्यांपाशीच लावायला सांगितली. डबा तिथंच राहिला, तो आणायला मी गेले नाही. पुन्हा या पोरीला इथं पाठवायची नाही, बाळाला तर नाहीच, हे मी मनाशी पक्कं केलं होतं. जावई आला तर सांगलीत येईल, नाहीतर नाही. लोक काय म्हणतील ते मी बघून घेईन.

संयू उंबऱ्याशी आली. हिरवी साडी, ओटीत नारळ, डोळ्यांत काही नाही. मला तिची इतकी दया आली, इतका जीव तुटला, की मी कुठल्या घरात उभी आहे हे विसरले. लेक दाराबाहेर पडताना कुठलीही आई करते तेच केलं. तिच्या तोंडावरून दोन्ही हात फिरवले आणि माझ्या कानशिलांवर बोटं मोडली.

"तुझी सगळी अलाबला मला लागू दे गं बाई."

बोटं कडाकडा वाजली, सगळीच्या सगळी. एवढी मोठी दृष्ट होती म्हणायची, असं वाटून मला बरंही वाटलं.

आईसाहेब समोरच होत्या. त्यांचा हात मला अडवायला वर आल्यासारखा झाला. मग तो तसाच पदराकडं गेला, आणि त्यांनी पदर सारखा केला.

७

फाटकाबाहेर पडलो आणि संयू ओरडली, "आई, शेण! शेणाचा वास!" हसायला लागली. पुढं डिझेलच्या वासानं तिला मळमळलं, अश्फाकनं गाडी थांबवली, ती रस्त्याकडेला ओकली आणि तोंड पुसत पुसत रडायला लागली. दोन्ही हात पोटावर होते.

"आई, हे माझं आहे गं. माझं आहे."

मीही रडले. अश्फाकनं आरशात बघणं टाळलं. एवढ्या आनंदात मला कशाचाच वास येत नव्हता, तिकडं माझं लक्षही गेलं नाही.

सुरुवातीला ते माझ्यापुरतंच होतं. मग एके दिवशी कांडपावर लवंगी पडली आणि माझ्या दोन्ही बाजूंच्या बायका खोकायच्या थांबल्या. "मावशी, मिरची शिळी हाय व्हय ओ?" अश्फाकनं विचारलं. मी लांब जाऊन उभी राहिले. सगळ्यांना एकदम ठसका लागला.

त्याच संध्याकाळी आईसाहेबांचा फोन आला. आवाज ओळखू येईना, इतक्या त्या खोकत होत्या.

"विहीणबाई, आमच्याकडं ठसका लागला. मीही खोकतेय, गडीही खोकतोय. बनुबाई तर रडायलाच लागली. ते तुमच्याबरोबर आलंय."

"परत कसं द्यायचं?"

"देता येत नाही. कुणीतरी मायेनं घ्यावं लागतं. म्हणून तर आमच्या घरात कुणी कुणावरून बोटं मोडत नाही."

"मग तुम्ही या. माझ्यावरून मोडा."

"आले असते हो," त्या म्हणाल्या, "पण तुमच्याविषयी तेवढी माया मी कुठून आणू?" आणि पुन्हा खोकल्या. मजेत खोकत होत्या, असं मला वाटलं.

संयूला मी काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिनं काय केलं असतं, हे मला ठाऊक होतं. पोर माझीच आहे. सीझनचं निमित्त सांगून मी कांडपामागच्या खोलीत राहायला गेले. तिच्यासाठी नात्यातली एक बाई घरी ठेवली.

मुलगी झाली. मी दवाखान्याच्या फाटकाबाहेर उभी होते. जयराजराव धावत आत गेले. बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा भिजलेला होता. "आई, तिच्या डोक्याला वास येतो," ते म्हणाले. हा उंचापुरा माणूस लहान पोरासारखा माझ्या गळ्यात पडायला आला, आणि मी मागं सरकले. बारशाला मी दारातूनच पाळणा पाहिला. सर्दी आहे म्हणाले. संयूनं माझ्याकडं असं बघितलं की त्यापेक्षा तिनं चार शिव्या दिल्या असत्या तर चाललं असतं.

८

पुढं मला ताप आला. जेवण जात नव्हतंच. नुसती माती चावत राहावी, तसं व्हायचं. त्या दुपारी डंक बंद होता आणि मी खोलीत आडवी झाले. कडी लावायची विसरले की अश्फाकनं काळजीनं काढली, कुणास ठाऊक. माझा डोळा लागला.

जाग आली ती वासानं.

मिरचीचा वास आला. मग यार्डाकडून हळदीचा, गुळाचा. उशीला माझ्याच तापाचा आंबूस वास होता. माक्याचं तेल. आणि या सगळ्याच्या वर, अगदी जवळून, दुधाचा आणि तान्ह्या टाळूचा. मी डोळे मिटूनच तो ओढून घेतला. इतकं सुख मला गेल्या कित्येक दिवसांत झालं नव्हतं. घशात काटा टोचला, ठसका लागला, मी खोकत खोकत हसले.

आणि मग समजलं.

डोळे उघडले. संयू माझ्या उशाशी बसली होती, बाळ मांडीवर. तिचे दोन्ही हात अजून तिच्या कानशिलांवर होते, बोटं मुडपलेली.

"किती वाजली बघितलंस का?" ती हसत म्हणाली. "सगळी. अगं, केवढी दृष्ट लागली होती तुला. मला सांगायचंस तरी. आता बघ, बरं वाटेल."

मला बोलायचं होतं. तोंडातून नुसता खोकला येत होता.

संयू सवयीनं बाळावर वाकली आणि टाळूवर नाक टेकवलं. जरा थांबली. पुन्हा टेकवलं. मग सरळ होऊन खिडकीबाहेर बघायला लागली आणि बघता बघता तिनं बाळ माझ्याकडं सरकवलं.

"घे," ती म्हणाली. "तूच घे थोडा वेळ."